जुन्या गाडीला सरसकट जाड ऑइल नको

मा. संपादक,


जुन्या गाड्यांच्या निगेविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. गाडी पंधरा वर्षांची झाली की तिच्यात २०डब्ल्यू-५० हेच ऑइल घालावे, आणि फिल्टर एक सर्व्हिसिंग सोडून बदलला तरी चालतो, असे त्यात सरसकट लिहिले आहे. पहिला सल्ला काही इंजिनांपुरता बरोबर आहे, दुसरा पाळण्यासारखा नाही. आपला पेपर वाचून लोक गॅरेजमध्ये तसेच करून मागतात, म्हणून सविस्तर लिहितो.

वयावरून ऑइल ठरत नाही. पूर्वी कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी जुनी आणि मारुती ८०० सुद्धा आता जुनीच. पण पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन मूळ फियाट ११०० चे, पुशरॉडवर चालणारे. त्यात कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर सतत घासत असतो. अशा ठिकाणी धातूवर संरक्षक थर धरते ते ऑइलमधले जस्त आणि फॉस्फरस. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या पातळ ऑइलांमध्ये फॉस्फरसवर मर्यादा घातली गेली. एपीआय एसएन दर्जाच्या १०डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-३० मध्ये तो ०.०८ टक्क्यांपर्यंतच असतो. २०डब्ल्यू-५० ला ही कमाल मर्यादा नाही. पद्मिनीला जाड ऑइल मानवते त्यामागे हेही एक कारण आहे.

मारुती ८०० ची गोष्ट वेगळी. १९८३ साली आलेल्या या ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या इंजिनात कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये बसवलेला. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधले ऑइल अरुंद वाटांनी तिथवर चढायला हवे. ४० ग्रेडचे ऑइल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते, ५० ग्रेडचे (म्हणजे २०डब्ल्यू-५०) १६.३ ते २१.९. गरम इंजिनात हा फरक लहान वाटेल. पण तेच ऑइल ४० अंशांना सात-आठ पट घट्ट असते, आणि आपल्याकडच्या हिवाळी सकाळी तर ४० अंशही नसतात. गाडी चालू केल्यावर ऑइल वर पोचेपर्यंत कॅम आणि रॉकर आधीच्या उरलेल्या थरावर चालतात. या इंजिनांची झीज याच वेळेत सर्वांत जास्त होते. म्हणून मॅन्युअलमध्ये हवामानाप्रमाणे जो ग्रेड दिला आहे तोच घ्यावा. मॅन्युअल हरवले असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाकडून पान झेरॉक्स करून आणावे.

लेखकाचे म्हणणे असे की इंजिन घासले की फटी वाढतात आणि जाड ऑइल त्या भरून काढते. गरम गाडी सिग्नलला उभी असताना ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकत असेल, तर एक ग्रेड वर जाणे योग्य आहे, हे मला मान्य आहे. पण बहुतेक लोक जाड ऑइल घालतात ते निळ्या धुरासाठी. धूर सकाळी स्टार्ट करताना येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सील कडक झाले आहेत. ते बदलायला इंजिन उतरवावे लागत नाही. वेग वाढवताना धूर येत राहिला तर रिंगा गेल्या आहेत, कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. जाड ऑइलने फार तर धूर कमी दिसतो, आजार तसाच राहतो.

आता फिल्टर. लेखात त्याला मोजून एक वाक्य दिले आहे, याचे मला सर्वांत वाईट वाटले. त्या डब्यात घडीचा कागद असतो, रबरी पडदा असतो आणि बायपास व्हॉल्व्ह असतो. गाडी बंद झाल्यावर पडदा ऑइल परत खाली उतरू देत नाही. हलक्या फिल्टरमध्ये तो लवकर कडक होतो आणि सकाळी स्टार्ट करताना खडखड ऐकू येते. कागद चोंदला किंवा ऑइल फार घट्ट असले की बायपास उघडतो आणि न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगांकडे जाते. म्हणजे जाड ऑइल आणि जुना फिल्टर हे लेखातले दोन्ही सल्ले एकत्र पाळले तर गाळणे बराच वेळ बंदच! शिवाय आटे जुळले म्हणजे फिल्टर चालतो असेही नाही, कारण बायपास किती दाबाला उघडतो ते प्रत्येक इंजिनासाठी वेगळे ठरवलेले असते. चांगला फिल्टर काही शे रुपयांत येतो. महाग सिंथेटिक ऑइलवर जादा पैसे घालण्यापेक्षा साधे चांगले ऑइल आणि योग्य फिल्टर दर पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल तेव्हा, बदलावे.

वर्षाची अट महत्त्वाची आहे, कारण जुनी गाडी हल्ली बाजार आणि दवाखान्यापुरतीच निघते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापण्याआधीच गाडी बंद केली तर त्यातले थोडे ऑइलमध्ये उतरते आणि चिखल साचू लागतो. असा चिखल वर्षानुवर्षे साचलेल्या इंजिनात सर्व्हिस सेंटरवाले तो धुऊन काढणारे ‘फ्लश’ घालायला सांगतात, तेव्हा ठामपणे नाही म्हणावे. सुटलेला थर चेंबरमधल्या जाळीत अडकला तर पंपाला ऑइलच मिळत नाही.

माझी आपल्याला दोन गोष्टींची विनंती आहे. त्याच सदरात दुरुस्ती छापावी, आणि त्यात वाचकांना सांगावे की ऑइलचा सील न फोडलेला डबा आपल्यासमोर उघडायला लावा आणि बिलावर ऑइलचा ग्रेड, एपीआय दर्जा व फिल्टरचा पार्ट नंबर लिहून मागा. आज बहुतेक बिलांवर नुसते ‘ऑइल, फिल्टर’ एवढेच असते.

आपला,
एक वाचक, सातारा