शरणपूर रोडवरची आफ्रिका

क्लाससाठी, परीक्षेसाठी सटाण्याहून एसटीने नाशिक गाठता, तेव्हा शरणपूर रोडवर पाय पडतोच. या ‘शरणपूर’मध्ये कोण शरण आलं होतं, कधी विचारलंत?

तिथे चर्च मिशनरी सोसायटीची वस्ती होती. ब्रिटिश नौदल समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरायची, त्यातली कित्येक शरणपुरात यायची. लिहायला, सुतारकाम-लोहारकाम करायला शिकायची. यातलेच नऊ तरुण डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८६५ मध्ये निवडले आणि आफ्रिकेत नेले. तो काही फौजी अधिकारी नव्हता, पण तांडा फौजी थाटाचाच: बंदुका, ओझी, गोऱ्या साहेबाचा हुकूम. मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाईही सोबत होते. ते काही महिन्यांतच परत धाडले गेले. १८७२ मध्ये आणखी ‘नाशिकवाले’ जाऊन मिळाले, त्यात जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३. आजच्या झांबियात साहेब वारला. आता हुकूम द्यायला कुणी नाही. सामान वाटून घेऊन पांगता आलं असतं की नाही? पण सुसी, चुमा आणि या मंडळींनी ठरवलं, देह किनाऱ्यावर न्यायचा. हृदय झाडाखाली पुरलं, जेकबने प्रार्थना वाचली. देह मीठ लावून वाळवला. वाटेत नौदलाचा लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. म्हणाला, इथेच पुरा. या लोकांनी साफ नकार दिला! पुढे एका गावाने प्रेत नेऊ देईना, तर खोटं गाठोडं माघारी पाठवलं आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे काढला. दीड हजारांहून जास्त किलोमीटर चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयो गाठलं.

याला इंग्रजांनी शब्द दिला ‘विश्वासू’. आम्हाला तो खटकतो. विश्वासू नोकर सांगितलेलं ऐकतो. इथे तर गोऱ्या अधिकाऱ्याचं न ऐकता निर्णय घेतला गेला. एकेकाळी बाजारात विकल्या गेलेल्या माणसांनी घेतलेला निर्णय! किनाऱ्यावर मात्र पगार हातात ठेवून बहुतेकांना वाटेला लावलं. अंत्यविधीला लंडनला पोचला एकटा जेकब. पदकं निघाली, तोवर माणसं पांगली होती.

वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या शिळेवर ‘विश्वासू हात’ आहेत, त्या हातांची नावं नाहीत. जेकबने मात्र त्या झाडावर साहेबाच्या नावाखाली तिघा सोबत्यांची नावंही कोरली होती: याझुझा, म्नियासेरे, उचोपेरे.