सातबारा बघितला का, वहिनी?

गॅसचा नंबर लावणं, मुलांचा निकाल बघणं, एसटीचं रिझर्व्हेशन, सगळं आपण आता मोबाईलवर उरकतो. मालिकेचा चुकलेला भागही बरोबर शोधून काढतो! पण त्याच मोबाईलवर आपल्या शेताचा सातबारा दिसतो, तो किती जणींनी उघडून पाहिलाय? ‘ते ह्यांचं काम’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. मला वाटतं, निदान बघण्याचं काम तरी आपलंच आहे.

आणि ते अवघडही नाही. महाभूलेखच्या पानावर पुणे विभाग, सोलापूर जिल्हा, मग तालुका आणि गाव निवडायचं. गट नंबर पाठ नसेल तर खातेदाराचं नाव टाकून शोधता येतं. सात नंबरच्या नमुन्यात जमीन कुणाची ते असतं, बारा नंबरच्या नमुन्यात पीक कोणतं ते. नुसतं बघायला पैसे पडत नाहीत. मात्र ती प्रत फक्त माहितीसाठी असते. सरकारी कामाला चालणारा, डिजिटल सहीचा उतारा २०१८ पासून मिळतो, त्याला पंधरा रुपये लागतात.

बघायचं काय? पहिलं म्हणजे आपलं नाव. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क, हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये मान्य केलं. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने ते देशभर लागू झालं. वडील त्या तारखेला हयात नव्हते तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. पण कायदा काही आपणहून येऊन सातबाऱ्यावर तुमचं नाव लिहीत नाही. त्यासाठी वारस नोंदीचा अर्ज लागतो. भावाशी गोडी राहावी म्हणून हक्कसोडपत्रावर सही करायची असेल तर जरूर करा. पण आपण नेमकं किती सोडतोय, ते आधी स्वतः वाचून करा.

नाव असलं तरी ते नीट आहे का, हेही बघा. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आधारवर तिसरंच! त्यात आमच्या सोलापुरात कन्नड आणि तेलुगू नावं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की कर्जाच्या वेळी बाई हेलपाटे घालत बसते. लिहिण्यातली अशी चूक जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडून दुरुस्त करून घेता येते.

आता गंमत अशी, की पानावर नोंद दिसते, पण ती आपल्याला खोडता येत नाही. वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’वर घरबसल्या करता येतो, पुढे तलाठी फेरफार धरतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मगच मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. किती ही कटकट, असं वाटतं ना? पण एका बोटाने नाव चढलं असतं, तर एका बोटाने उतरलंही असतं! या पंधरा दिवसांत आपल्याला हरकत घेता येते. गावातल्या नोटिसा ‘आपली चावडी’च्या पानावर कुणालाही दिसतात. दीर-भावजयीचा वाद असो की नसो, महिन्यातून दोनदा तिकडे नजर टाकावी.

एक नोंद मात्र २०२१ पासून खातेदाराने स्वतः करायची असते, ती पिकाची. शेतात उभं राहून, फोटो काढून ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये भरायची. ज्वारी खुरपणारी बाई, काढणारी बाई, मग भरणारी का नको? सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळकडची शेतं बुडाली. अशा वेळी मदत निघते ती सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या नावाने, राबणारीच्या नावाने नाही.

आणखी एक. अर्ज करताना मोबाईल नंबर मागतात, त्यावर ओटीपी येतो. तिथे कुणाचा नंबर आहे? बहुतेक घरांत मुलाचा, नाहीतर पुतण्याचा. नाव आपलं आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! घरच्यांवर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पण दागिन्यांच्या डब्याची किल्ली आपण शेजारी ठेवतो का? मग आपल्या नोंदीला आपलाच नंबर द्या, आणि ओटीपी स्वतः वाचा.

लक्ष्मी मुक्ती योजनेत १९९२ पासून नवऱ्याला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. ह्यांना एकदा विचारून तर बघा. पण त्याआधी दुपारची भांडी झाली की ते पान उघडा आणि आत्ता तिथे कुणाकुणाची नावं आहेत, ते स्वतः वाचा.