उभं राहण्यापुरती जागा

चैत्र आला की आमच्या धुळे-जळगावकडचे रस्ते सप्तशृंगी गडाकडे चालू लागतात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत नुसती रीघ. खांद्यावर झेंडा, डोक्याला रुमाल, पायाला फोड आणि तोंडात आईचं नाव. खान्देशातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता. चालणाऱ्यांत बायका-मुलीही खूप असतात. वाटेत चहा, सरबत, खिचडी, फोडांना मलम, सगळं मिळतं. मांडव घालणाऱ्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

पण एक गोष्ट मिळत नाही. घामाने चिंब झालेली साडी बदलायला आडोसा! आणि पाळी आली असेल तर? त्यावर कुणी बोलतच नाही.

आमच्या महिला मंडळाने यावर उपाय शोधला. बारा सीटांची एक जुनी गाडी स्वस्तात मिळाली. मागच्या सीट कमी केल्या, पडदे लावले, पाण्याचा ड्रम, आरसा, पॅडची पाकिटं ठेवली. मालेगाव, देवळा, कळवण करत नांदुरीपर्यंत ती पदयात्रेच्या मागेपुढे राहायची. पहिल्याच दिवशी एक आजी आत गेल्या आणि दोनच मिनिटांत कंबर धरत बाहेर आल्या. “व माय, कंबर मोडनी मनी!” गाडीची आतली उंची जेमतेम सव्वाचार फूट. नऊवारी असो की सहावारी, वाकून कशी नेसणार? निऱ्या घालायला बाईला सरळ उभं राहावं लागतं, एवढी साधी गोष्ट आमच्यासारख्या साडी नेसणाऱ्यांच्याही लक्षात आली नव्हती!

मग छत उंच करायचं ठरलं. घरी विषय काढला, तर उत्तर काय, “चालवणारा बसूनच चालवतो, बसणारे बसूनच जातात. उभं कशाला राहायचंय?” बरोबरच आहे. गाडीत ज्यांना लेकराला अंगावर पाजावं लागत नाही, उलटी करणाऱ्या सासूला सावरावं लागत नाही, त्यांना उभं राहण्याची गरज कशी कळणार?

एका गॅरेजवाल्याने सांगितलं, “ताई, काळजी नको. वरचा पत्रा कापतो, फायबरचं छत बसवतो. दोन दिवसांचं काम.” आम्ही खूष! चार वर्षांच्या बचतीतले पैसे काढले. दोन दिवसांत गाडीला पांढरीशुभ्र टोपी बसली. आत सरळ उभं राहता येऊ लागलं. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. चैत्रातल्या उन्हात ते छत असं तापलं, की आत भट्टी! आपल्याकडचं ऊन काही लेचंपेचं नाही, जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पहिल्या वळवाच्या सरीत सांध्यातून पाणी गळून गाद्या भिजल्या. गाडी वळणावर डुलायची आणि दारं नीट लागेनाशी झाली. शेवटी नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेली, तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी कागद पाहिले, छत पाहिलं आणि मान हलवली. कागदावरची गाडी आणि समोरची गाडी वेगळी होती. नियमाने ते बरोबरच होते. गाडी दारात उभी राहिली, बचत बुडाली.

मंडळाच्या बैठकीत काय काय ऐकावं लागलं! “बायकांना गाडीतलं काय कळतं?” हे वाक्य तर सगळ्यांचं आवडतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग एका मैत्रिणीच्या यजमानांना विचारलं. एसटीच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे समजावलं, ते प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गाडीचं छत म्हणजे पातेल्यावरचं झाकण नव्हे. पत्र्याखाली आडव्या लोखंडी पट्ट्या असतात. घराला जशी तुळई, तशा त्या गाडीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. त्या कापल्या की गाडी सैल पडते, म्हणून तर आमची दारं लागेनात. कापल्या जागी कडेने लोखंडी चौकट देऊन ती ताकद परत आणावी लागते. फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची चटई, साच्यात थरावर थर देऊन रेझिनने घट्ट केलेली. ती हलकी असते, गंजत नाही. पण एकाच पातळ थराचं छत ऊन अडवत नाही. आतून फोमचा थर आणि वर हवा जायला झरोका हवाच. सांधा भरायला लवचीक सीलंट लागतं, नुसत्या लांबीने भागत नाही. शिवाय उंची वाढली की गाडीचा तोल वर सरकतो, आडव्या वाऱ्यात ती जास्त हलते. धुळ्याहून निघालेल्या मोठ्या रस्त्यांवर शेजारून ट्रक सुसाट जातो, तेव्हा हे चांगलंच जाणवतं.

आणि कायदा? मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचं कलम 52 सांगतं, की उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. असा बदल केलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याचे पैसेही अडकू शकतात. म्हणून कुठला बदल चालतो, हे आरटीओत आधी लेखी विचारायचं. काम झाल्यावर नाही!

एवढं ऐकल्यावर मी माझ्याशीच कबूल केलं, की आमची रीत चुकली. पण मैत्रिणींनो, आमची गरज चुकली होती का? मुळीच नाही. आणि इथेच माझं भांडण आहे. चूक दाखवताना लोकांनी गरजही खोडून टाकली. “बघा, उगाच हट्ट केला!” हट्ट कसला? सरळ उभं राहण्याचा?

ज्यांनी ही गरज ओळखली, त्यांनी गाड्या कारखान्यातच उंच केल्या ना? युरोपात फोक्सवॅगनच्या व्हॅनची फिरती घरं 1951 पासून बनू लागली, आणि माणसाला आत उभं राहता यावं म्हणून पुढे त्यांची छतं उंच झाली. आपल्याकडे 2014 मध्ये 108 ची रुग्णवाहिका आली. तिच्या उंच छताखाली डॉक्टर उभं राहून पेशंटला सलाईन लावू शकतात. वाटेत बाळंतीण झालेल्या कितीतरी मायलेकी त्या जागेमुळे सुखरूप राहिल्या असतील. तिथे कुणी म्हणालं का, की उभं कशाला राहायचं? 2021 मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. हौसेच्या प्रवासाला सोय होते, मग श्रद्धेने चालणाऱ्या बाईला का होऊ नये?

पुढच्या चैत्रात आम्ही शहाणपण केलं. कारखान्यातूनच उंच छताची आलेली गाडी आठ दिवस भाड्याने घेतली. काही कापलं नाही, काही जोडलं नाही. काचांना पडदे लावले, मधल्या वाटेत उभं राहून साडी नेसायची सोय केली. गाडी सावलीत लावायची आणि आत एकावेळी एकच बाई, एवढाच नियम. खर्च मंडळातल्या घरांनी वाटून घेतला. ज्यांनी टोमणे मारले होते, त्यांच्यापैकी दोघांनी न मागता डिझेलचे पैसे दिले. तेही सांगायला हवं.

माझं म्हणणं एवढंच. घरात गाडी घ्यायची असेल, गावात रुग्णवाहिका येणार असेल, यात्रेची सोय ठरत असेल, तेव्हा रंग आणि ॲव्हरेज यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, आत बाईला उभं राहता येतं का? तो आपणच विचारायचा. दुसरं कुणी विचारणार नाही. आणि सोय करून घेताना कुणाच्या “दोन दिवसांचं काम” या बोलण्याला भुलू नका. कागद बघा, चार प्रश्न विचारा. आपले पैसे घामाचे असतात.

त्या आजी पुढच्या वर्षीही आल्या होत्या. आत गेल्या, नीट निऱ्या घालून, पदर सावरत उतरल्या. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, “आते सरळ उभं ऱ्हाता येस व माय.”

बुडालेली बचत मला अजून टोचते. पण त्या एका वाक्याने थोडी फिटली.