कॉफीचा पेला आणि मुलांचे मैदान

एखादी व्यापारी कंपनी खेळाला पैसा देते तेव्हा ते दान असते की जाहिरात, या प्रश्नाचे उत्तर भाषणांत नव्हे, तर हिशेबाच्या वहीत शोधावे लागते. दान नफ्यातून दिले जाते. जाहिरात खर्चाच्या बाजूला पडते आणि तो खर्च अखेर मालाच्या किमतीतून वसूल होतो. कॅनडातील ‘टिम हॉर्टन्स’ या कॉफी व डोनटच्या दुकानांच्या साखळीचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २०२२ साली दिल्ली परिसरात आणि त्यानंतर मुंबईत या साखळीची दुकाने उघडली. तेव्हा हा इतिहास आपल्यालाही अगदीच परका राहिलेला नाही.

टिम हॉर्टन हा बर्फावरील हॉकीचा नामांकित बचावपटू. टोरांटोच्या संघातून त्याने चार वेळा स्टॅनले चषक जिंकला. १९६४ साली त्याने हॅमिल्टन शहरात आपल्या नावाचे दुकान काढले. पुढे रॉन जॉइस हा पूर्वाश्रमीचा पोलीस शिपाई त्याचा भागीदार झाला. १९७४ मध्ये हॉर्टन मोटार अपघातात मरण पावला आणि त्याच्या पत्नीकडील हिस्सा जॉइसने सुमारे दहा लाख डॉलरना विकत घेतला. खेळाडू गेला, परंतु त्याचे नाव पाटीवर राहिले आणि भांडवल म्हणून वाढत गेले.

ते कसे वाढले? १९८२ पासून कंपनीने लहान मुलांच्या संघांना साहाय्य करण्यास आरंभ केला. त्या मुलांच्या अंगरख्यावर ‘टिमबिट्स’ हे नाव असते, आणि ते कंपनीच्याच गोळीएवढ्या डोनटचे नाव आहे. पुढे जगप्रसिद्ध झालेला सिडनी क्रॉस्बीही बालपणी अशाच संघात खेळला आणि मोठेपणी कंपनीच्या जाहिरातींत झळकला. पहाटेच्या थंडीत मुलाला सरावाला नेणारा बाप वाटेत याच दुकानाची कॉफी घेतो. त्याच्या दृष्टीने कॉफी, हॉकी आणि स्वदेश ही एकच भावना होऊन बसते. या भावनेचा खर्च कोण करतो, हेही पाहिले पाहिजे. साखळीतील बहुतेक दुकाने स्वतंत्र परवानाधारकांची असून ते विक्रीचा ठरावीक हिस्सा जाहिरात निधीत भरतात. २०१७ मध्ये या दुकानदारांनी निधीच्या वापराविषयी न्यायालयात दावा लावला. तो २०१९ मध्ये तडजोडीने मिटला.

भावना देशी राहिली तरी मालकी देशी राहतेच असे नाही. २०१४ साली ‘बर्गर किंग’बरोबर या कंपनीचे विलीनीकरण झाले. सुमारे ११ अब्ज अमेरिकी डॉलरच्या त्या व्यवहारामागे ब्राझीलच्या भांडवलदारांनी उभारलेली ‘थ्री जी कॅपिटल’ ही संस्था होती. त्यानंतर ब्रिटन, स्पेन, चीन आणि भारत असा विस्तार झाला. परंतु परदेशात हॉर्टनच्या नावाची पुण्याई चालत नाही. शेजारच्या अमेरिकेतच, ‘डंकिन’ या प्रतिस्पर्ध्याचे माहेर असलेल्या न्यू इंग्लंड भागातील ३६ दुकाने २०१० मध्ये बंद करावी लागली. तात्पर्य, जिथे बालपणीची आठवण नाही, तिथे डोनट हा केवळ डोनटच ठरतो.

या व्यवस्थेची खरी परीक्षा २०२२ मध्ये झाली. काही खेळाडूंवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपाचा दावा ‘हॉकी कॅनडा’ या राष्ट्रीय संस्थेने गाजावाजा न करता पैसे देऊन मिटविल्याचे उघड झाले. (पाच खेळाडूंची २०२५ मध्ये न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली, संस्थेच्या कारभाराचा प्रश्न मात्र वेगळा होता.) सरकारने अनुदान गोठविले, ‘टिम हॉर्टन्स’सह अनेक प्रायोजकांनी हात आखडता घेतला आणि अखेर संस्थेच्या संचालक मंडळाला जावे लागले. प्रायोजकांचा अंकुश उपयोगी पडला, असे कोणी म्हणेल. आणि त्यात तथ्य आहे. मात्र हा अंकुश कंपनीच्या नावाला बट्टा लागेल या भीतीतून आलेला होता. आज ही भीती सत्कार्याला उपयोगी पडली. उद्या नफा घटला म्हणून तोच हात मागे घेतला गेला, तर त्याची दाद मुलांनी कोणाकडे मागावी?

आपल्याकडेही याचा प्रत्यय आला आहे. २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि भारतीय क्रिकेट संघाच्या अंगरख्यावरून ‘ड्रीम इलेव्हन’चे नाव आशिया चषकापूर्वीच पुसले गेले. क्रिकेटला दुसरा धनी अल्पावधीत मिळाला. तालुक्याच्या खो-खो संघाला तो मिळेलच असे नाही. उलट, ओडिशा सरकारने २०१८ पासून राष्ट्रीय हॉकी संघांचा भार उचलला आणि पुरुष संघाने टोकियो व पॅरिस येथे कांस्यपदके मिळविली. त्यातही जाहिरातीचा अंश आहेच; पण त्या खर्चाचा जाब विधानसभेत विचारता येतो, हा भेद लहान नाही.

खासगी पैसा नाकारावा, असा याचा अर्थ नव्हे. अंगरखे, चषक, प्रवासखर्च यांसाठी तो जरूर घ्यावा. मात्र कराराची मुदत आणि हिशेब उघड असावेत. मैदान, शिक्षक आणि मुलांची सुरक्षितता यांचा भार मात्र सार्वजनिक महसुलानेच वाहिला पाहिजे. शाळेला क्रीडांगण नाही म्हणून एखाद्या कंपनीच्या दाराशी जाणाऱ्या मुख्याध्यापकांना दोष देता येणार नाही. दोष आहे तो त्यांना तिथवर जाण्याची पाळी आणणाऱ्या अंदाजपत्रकाचा.