मोजपट्टी कोणाच्या हाती?

वंशभेदाची रेषा निसर्गानेच आखली आहे, असा समज पाश्चात्त्य जगाने दीर्घकाळ जोपासला. प्रत्यक्षात ती रेषा सत्तेने आखली आणि सोयीनुसार पुसलीही. याची साक्ष अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दप्तरच देते.

१७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना अमेरिकेचे नागरिकत्व खुले केले, १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशीयांची भर पडली. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा दावा फेटाळताना न्यायालयाने सांगितले की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल लागला. पंजाबात जन्मलेल्या या शीख तरुणाने पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा गणवेश चढवला होता. तत्कालीन वंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियनच मानत होते. तेव्हा ओझावा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनीच निर्णय दिला : शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा! एकाला शास्त्राने वगळले, दुसऱ्याला शास्त्र वगळून. या निकालानंतर अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही हिरावले गेले. ते दार १९४६ मध्ये उघडले, तेही वर्षाला १०० जणांच्या प्रवेशमर्यादेसह.

१९२० ते १९४० च्या अमेरिकी जनगणनांत ‘हिंदू’ हा चक्क एक वंश होता. शीख आणि मुसलमानही त्यातच मोजले जात. १९७० च्या गणनेत भारतीय ‘गोरे’ ठरले, १९८० मध्ये ‘आशियाई’. माणसे तीच, बदलला तो रकाना.

मात्र दोष केवळ परक्यांना देऊन भागणार नाही. थिंड यांच्या बाजूने झालेल्या युक्तिवादात उच्चवर्णीय रक्ताच्या शुद्धतेचा दाखला होता. गोरा अमेरिकन कृष्णवर्णीयाकडे जसे पाहतो, तसेच उच्चवर्णीय हिंदू येथील आदिवासींकडे पाहतो, असेही त्यात म्हटले होते. स्वबांधवांना हीन लेखून मिळवलेला मान न्यायालयात टिकला नाही, आणि टिकता तरी तो भूषणावह ठरला नसता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ च्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात आर्य वंशाच्या सिद्धान्ताचे खंडन केले, ते या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचण्याजोगे आहे.

परक्याची मोजपट्टी उसनी घेणारा समाज आपली उंची त्याच्याच मर्जीवर सोडतो. आणि तीच मोजपट्टी आपल्या बांधवांना लावणारा समाज एकात्मतेची भाषा बोलण्याचा अधिकार गमावतो.