रविवारी विहार रिकामे, दहाव्या दिवशी राजिम

रायपूरच्या रेल्वेलाइनीला लागून असलेल्या आमच्या वस्तीत रविवारी सकाळी आठला बुद्धवंदना होते. मागच्या रविवारी आम्ही सात जण होतो. त्यात पाच बाया, चौघी साठीच्या पुढच्या. वंदना संपल्यावर समितीचे सचिव काका नेहमीचे बोलले, "पोरं शिकली अन् विहार विसरली." हे वाक्य मी दहा वर्षांपासून ऐकतो आहे. ज्या पोरांविषयी ते बोलतात त्यांचे उत्तरही मला पाठ आहे, कारण ते माझेच उत्तर होते. आम्ही विज्ञान शिकलो, आम्ही कशालाच मानत नाही, मूर्तीपुढे मेणबत्त्या लावायला बाबासाहेबांनी धम्म दिला नव्हता, आणि श्रद्धा ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे.

काकांशी माझे भांडण आहेच, त्यावर पुढे येतो. आधी आपल्याशी. "आम्ही कशालाच मानत नाही" हे वाक्य किती दिवस टिकते ते मी माझ्या घरात मोजले आहे. दहा दिवस.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. रेल्वेतून निवृत्त झालेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे. मी एम.एस्सी., धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअर. बाबांना अंगणात आणून ठेवले आणि आम्ही दोघे सुशिक्षित एकमेकांकडे बघत उभे राहिलो. पुढे काय करायचे असते? त्रिशरण-पंचशील येत होते, तेही लहानपणी कानावर पडले म्हणून. अंत्यविधीला कोणती गाथा म्हणतात, कोण म्हणतो, कोणत्या क्रमाने म्हणतात, काही ठाऊक नव्हते. भाऊ मोबाईलवर शोधू लागला. तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक आजी आली. चौथी शिकलेली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. त्या वहीत तिच्या हाताने देवनागरीत उतरवलेल्या पाली गाथा आणि प्रत्येकीखाली मराठीत अर्थ. सगळा विधी तिने केला. दोन पदव्या तिच्या मागून शब्द उच्चारत होत्या.

इथपर्यंत ठीक होते. दुसऱ्या दिवसापासून शेजारी विचारू लागले, "दशगात्र कब है?" इकडे अंत्ययात्रेला 'काठी' म्हणतात. काठीला आलेल्या माणसाला दशगात्राची तारीख सांगावीच लागते, नाही सांगितली तर त्याला अपमान वाटतो. भंडाऱ्याहून आलेले मोठे काका म्हणाले, "अस्थी राजिमले नेऊन टाका, आपल्या वहिनीले बरं वाटंल." राजिम म्हणजे महानदी, पैरी आणि सोंढूरचा संगम. याला छत्तीसगडचा प्रयाग म्हणतात. अस्थिविसर्जन आणि पिंडदानासाठी सगळा मुलूख तिथे जातो. आम्ही दोघांनी विचार केला की वाद कशाला घालायचा, आपण तर मानतच नाही, मग नदीत टाकले काय आणि न टाकले काय, सारखेच. दहाव्या दिवशी गेलो. तिथल्या पंडिताने गोत्र विचारले. आम्ही गप्प. त्याला या शांततेची सवय असावी. म्हणाला, "नहीं मालूम? कोई बात नहीं, कश्यप बोल दो।" आणि मी बोललो. कश्यप.

१४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा सात वर्षांच्या बाबांना खांद्यावर घेऊन नागपूरच्या दीक्षाभूमीवर उभे होते. तेव्हा नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि सीमा बदलली ती त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला. आजोबांना परमुलखात जावे लागले नव्हते, आपल्याच राजधानीत जाऊन त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यातली सहावी श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची. आठवी ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी न करवून घेण्याची. ज्या मुलाला खांद्यावर नेले त्याच्याच अस्थींवर त्याच्या पदवीधर पोरांनी दोन्ही प्रतिज्ञा एका सकाळी मोडल्या. तेही कुणाची श्रद्धा होती म्हणून नव्हे. कुणाचीच नव्हती.

परत आल्यावर आईला सांगितले. ती म्हणाली, "मी कुठं म्हणलं होतं राजिमले न्या? मले विचारलं कोणं?" आई दर पौर्णिमेला विहारात जाणारी बाई. आमच्या भित्रेपणाला आम्ही तिचे नाव दिले होते.

हे एकट्या माझ्या घरचे असते तर लिहिले नसते. लाइनीतल्या, भिलाईच्या क्वार्टरांतल्या, राजनांदगावच्या गिरणीवस्तीतल्या ओळखीच्या घरांत विचारून बघा. जिवंतपणी आपण कोण आहोत याविषयी घरातले सगळे एकमताने बोलतात, गाडीवर निळा झेंडा असतो. माणूस मेला की तेरवी. आपला व्हॉट्सअॅप गट उघडा. 'श्रद्धांजली' लिहायचे की 'आदरांजली' यावर तिथे दोन तास भांडण होते, आणि त्याच गटात खाली चार जणांनी 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' टाकलेले असते. कोणता ईश्वर आणि कोणता आत्मा?

आपल्यापैकी किती जणांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मृत्यूच्या प्रश्नासाठी वाचला आहे? बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच चार प्रश्न मांडले. पहिला, सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून एकोणतीस वर्षांच्या माणसाला प्रथमच मरण कळले, ही गोष्ट त्यांनी बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूला ठेवली. तिसरा प्रश्न, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? पुढे ग्रंथात त्याचे उत्तर आहे. देहातले भौतिक घटक विश्वातल्या तशाच घटकांच्या साठ्यात मिसळतात, आत्मा नावाची वस्तू या देहातून निघून त्या देहात शिरत नाही. मागच्या जन्मीच्या पापामुळे या जन्मी महार, ही सगळी इमारत त्या एका वाटसरू आत्म्यावर उभी होती. म्हणून मरणानंतर काय होते हा प्रश्न आपल्यासाठी तत्त्वज्ञानाच्या पेपरातला प्रश्न नाही. पिंड ज्याला द्यायचा तो आत्मा मान्य केला की त्याचे मागचे जन्मही मान्य होतात, आणि आपल्या आजोबांना गावाबाहेर बसवणारा न्यायही.

आता खासगीपणाबद्दल. महारकीच्या कामांत एक काम असे होते की गावात सवर्णाच्या घरी कुणी मेले की महाराने गावोगाव पायी जाऊन नातेवाइकांना निरोप द्यायचा. सरणाला लाकडे महाराने पुरवायची. त्याबदल्यात मढ्यावरचे कापड हा त्याचा हक्क. हक्क! मेलेल्याचे कापड जिवंत माणसाच्या अंगावर. ज्यांचे पोट दुसऱ्याच्या मरणाला असे बांधले होते त्यांच्या नातवांनी मरण ही खासगी बाब आहे म्हणावे, हे मला पटत नाही.

जोतीराव फुल्यांना हे कळले होते. त्यांनी १८८७ सालीच मृत्युपत्र केले. १८९० च्या नोव्हेंबरात ते गेले तेव्हा टिटवे कोणी धरायचे यावरून दत्तक यशवंताच्या विरोधात भाऊबंद उभे राहिले, आणि सावित्रीबाई स्वतः टिटवे हातात घेऊन पुढे चालल्या. नवऱ्याच्या चितेला बाईने अग्नी दिला. पुण्यात. पुढे ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांना दादर चौपाटीवर निरोप देताना भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथेच लाखभर लोकांना धम्मदीक्षा दिली. दु:खाने कोसळलेल्या लोकांनी त्या संध्याकाळी गोत्र शोधले नाही.

आजच्या छत्तीसगडमध्ये तर मरण उघड राजकारण आहे. बस्तरच्या छिंदवाडा गावात महरा जातीतून ख्रिस्ती झालेल्या एका पाद्र्याचा ७ जानेवारी २०२५ ला मृत्यू झाला. गावात पुरू देणार नाही म्हणून विरोध झाला. मुलगा उच्च न्यायालयात गेला, हरला, मग सर्वोच्च न्यायालयात. मृतदेह जवळजवळ तीन आठवडे शवागारात. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. एकांनी कुटुंबाच्या स्वतःच्या जमिनीत दफनाला परवानगी द्यावी म्हटले, दुसऱ्यांनी ठरवलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच करावे म्हटले. आणखी उशीर नको म्हणून शेवटी दोघांनी मिळून वीसेक किलोमीटरवरच्या दफनभूमीत पुरायला सांगितले. त्या मुलाचा देव मी मानत नाही. पण बापाला बापाच्या श्रद्धेप्रमाणे निरोप द्यायला तो दिल्लीपर्यंत लढला, आणि मला माझ्या अंगणात एका काकाला 'नाही' म्हणता आले नाही.

का आले नाही, याचा मी दोन वर्षे विचार केला. माझ्याजवळ नकार होता, पण नकाराच्या जागी ठेवायला काही नव्हते. 'दशगात्र नाही, सातव्या दिवशी पुण्यानुमोदन आहे, सकाळी दहाला या' एवढे वाक्य ठामपणे सांगायला पाठीशी दहा माणसे लागतात. गाथा येणारी, तिरडी बांधणारी, आलेल्या पाहुण्यांना समजावणारी. ती दहा माणसे मरणाच्या दिवशी कुठून आणणार? ती रविवारी तयार होतात. २०११ च्या जनगणनेत अडीच कोटींच्या या राज्यात बौद्ध सुमारे ७० हजार. एवढ्या थोड्या माणसांनी आपापल्या घरी बसून एकेकट्याने नास्तिक राहायचे ठरवले, तर प्रत्येकाच्या दारात शेवटी शेजाऱ्याचा रिवाज चालणार. तात्यापाऱ्यातल्या मराठी घराला ही अडचण नाही. तिथे पोरगा काही मानत नसला तरी भटजी येतो, सगळे आपोआप होते. बिनश्रद्धेने जगणे त्याला परवडते. आपली नास्तिकता पहिल्या पिढीची आहे, आपल्या पदवीसारखी. तिला घरचा आधार नाही.

कुणी म्हणेल, आम्ही देहदान करू. जरूर करा, रायपुरात एम्स आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पण देह तुम्ही स्वतः चालवत नेणार नाही. फॉर्मवर तुमची सही असली तरी वेळेत देह पोचवणारे घरचेच लागतात, आणि घरच्यांच्या कानाशी तेव्हा कोणता काका बसलेला असेल ते बघून ठेवा.

आता सचिव काका. काका, पोरे येत नाहीत यात तुमचा वाटा मोठा आहे. वंदनेनंतर तासभर भाषण, भाषणात फक्त गैरहजर लोकांना शिव्या, आणि त्या ऐकायला हजर असलेलेच. अर्थ सांगायचा तर मराठीत. आमची पोरे हिंदी शाळेत शिकली, घरात अर्धी छत्तीसगढी बोलतात, त्यांना 'बुद्ध आणि त्याचा धम्म' आनंद कौसल्यायनांच्या हिंदीतून मिळायला हवा. विहाराची किल्ली एकाच घरी. समितीत एकही बाई नाही, आणि वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालवतात त्या बायाच. १४ एप्रिलला माइक मात्र आपल्याकडे. जपानमध्ये मंदिरांचे काम क्रियाकर्मापुरते उरले म्हणून लोक त्याला हिणवून 'अंत्यसंस्काराचा बौद्ध धर्म' म्हणतात. आपली विहारे तिकडेच चालली आहेत, आणि आपल्याला तर अंत्यसंस्कारही नीट धरता आलेले नाहीत. बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधीच्या मासिकात लिहिलेल्या लेखात भिक्खू कशासाठी हवा हा प्रश्न टोकदारपणे विचारला होता. त्यांना समाजाच्या सेवेला लागणारा भिक्खू हवा होता. तो प्रश्न समितीलाही लागू पडतो.

आणि आपण. विहारात गेल्यावर काहीतरी मानावे लागते हा आपला गैरसमज आहे. तिथे कुणी काही मागत नाही, कुणाकडून काही मिळायचे नसते. मला आजही ध्यानाला बसले की झोप येते, मेणबत्तीचे मला काही वाटत नाही. तरी जातो. गेल्या वर्षी एक साधा कागद लिहिला. मी गेल्यावर काय करायचे, काय करायचे नाही, कोणाला बोलवायचे. बायकोची आणि भावाची त्यावर सही आहे. त्याची एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवली, आणि समितीने तिथे अशा कागदांसाठी एक फाइल करावी म्हणून काकांच्या मागे लागलो आहे. आईनेही स्वतःचा कागद सांगितला, मी लिहून घेतला. तिने सातव्या दिवशी जेवण कोणते ते सुद्धा सांगितले आहे. वांग्याची भाजी नको म्हणाली.

आजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या वहीची कडा कुरतडली गेली आहे, काही पानांवर मेणाचे डाग पडून अक्षरे गेली आहेत. ती अक्षरे तिला तोंडपाठ आहेत म्हणून अडत नाही. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही तिघे ती वही उतरवून घेतो आणि अर्थ हिंदीतही लिहितो. भाऊ पुण्याहून फोनवर ऐकतो, मधेमधे चुका काढतो. अकरा पाने झाली, चौदा राहिली आहेत.