दवाखान्याचा कागद आणि आधार क्रमांक

सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहिले की काय दुखते खुपते हे विचारण्यापूर्वी आधार कार्ड विचारले जाते, ही रीत आता अंगवळणी पडली आहे. केसपेपर असो, गरोदर स्त्रीची नोंद असो, क्षयरोग्याच्या आहाराच्या पैशांचा अर्ज असो, बारा आकडी क्रमांकाचा रकाना त्यावर आहेच. तो कशासाठी भरावयाचा, हे विचारण्याचे धाडस रांगेतला माणूस सहसा करीत नाही. आणि एखाद्याने केलेच तर "वरून आदेश आहे" एवढे उत्तर त्याच्या तोंडावर फेकले जाते. वाचकहो, हे उत्तर नव्हे. सरकारने नागरिकाजवळ त्याच्या ओळखीचा क्रमांक मागितला तर का मागितला, कोणत्या कायद्याने मागितला आणि त्याचे पुढे काय करणार, हे सांगण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर आहे. देणाऱ्यावर ती नाही. आज आपणांस आमचे सांगणे आहे ते एवढ्याच मुद्द्यावर.

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत वस्तीतील एक वृद्ध माता आल्या. त्यांच्या सुनेचे दिवस भरले होते. दवाखान्यात गेल्या तर खिडकीवरच्या माणसाने कागद परत केले. आधार कार्डावर सुनेचे माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, आणि जातीच्या दाखल्यावर तिच्या आजोबांनी धर्मांतरानंतर टाकून दिलेले जुने आडनाव! तीन कागद, तीन नावे. आधी आधार दुरुस्त करून आणा, असे त्यांना सांगण्यात आले. त्या माता आम्हांला म्हणाल्या, "वकीलसाहेब, पोटातलं लेकरू आधार बघून थांबतंय व्हय?" या प्रश्नाला कोणत्याही विधिग्रंथात उत्तर नाही. त्याच रात्री पाळीवरच्या एका परिचारिकेने माणुसकी दाखवून त्या मुलीला आत घेतले व बाळंतपण सुखरूप झाले. जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मात्र नावे जुळत नाहीत म्हणून कित्येक महिने अडकून पडले.

या हकिकतीवरून आम्ही क्रमांक मागण्याच्याच विरुद्ध आहोत असा कोणी समज करून घेऊ नये. ज्या समाजाच्या नावावर आलेला पैसा पिढ्यान्पिढ्या मधल्या मधे गडप झाला, त्या समाजाला लाभ घेणारा माणूस खरा की कागदावरचा, हे ताडून पाहण्याचे महत्त्व दुसऱ्याने शिकविण्याची गरज नाही. जननी सुरक्षा योजना १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रासारख्या राज्यात ती मुख्यतः अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील स्त्रियांसाठी आहे. ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये अशी तिची रक्कम. हे पैसे त्या मातेच्याच खात्यात पडावेत, तिच्या नावाने दुसऱ्याने उचलू नयेत, यासाठी क्रमांक मागितला तर त्यास कारण आहे. क्षयरोग्यास उपचार चालू असेतो पोषक आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ऊसतोडीला गेलेला रोगी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला तरी हा पैसा त्याच्यामागे जावा, यासाठीही खात्री हवी. पैसा जेथे हातात पडतो तेथे ओळख पटविण्याचे समर्थन होऊ शकते, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

कायदाही तेवढेच म्हणतो. आधार कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ७ अन्वये, सरकारच्या संचित निधीतून खर्च होणाऱ्या अनुदानासाठी, लाभासाठी वा सेवेसाठी ओळख पटविण्याकरिता आधार मागता येते. परंतु त्याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे आणि खिडकीवरच्या माणसाला नेमके तेच ठाऊक नसते. ज्यास क्रमांक मिळालेला नाही त्यास ओळख पटविण्याचा दुसरा, व्यवहार्य मार्ग दिलाच पाहिजे, असे ते परंतुक आहे. आधार प्राधिकरणानेही २४ ऑक्टोबर २०१७ रोजी परिपत्रक काढून, आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून लाभ नाकारू नये, असे सर्व खात्यांस कळविले. आमच्याकडे आलेल्या मातेच्या सुनेचा अर्ज आम्ही याच आधारावर केला व रक्कम मिळाली. उशिरा, परंतु मिळाली.

या कायद्याच्या मागे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय उभे आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात एकमताने ठरविले की, खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. त्यावर सरकारला बंधन घालावयाचे तर त्यास कायद्याचा पाया हवा, हेतू न्याय्य हवा आणि बंधन हेतूच्या प्रमाणात हवे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताधिक्याने आधार कायदा बहुतांशी उचलून धरला. पण खाजगी कंपन्यांना क्रमांक मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली आणि 'लाभ' व 'सेवा' हे शब्द वाटेल तसे ताणू नयेत असे बजावले. विरुद्ध मत न्यायमूर्ती चंद्रचूड यांचे होते; त्यांच्या मते कायदाच घटनाबाह्य ठरत होता. सरकारची बाजू ज्या निर्णयात जिंकली त्यातही खिडकीवरच्या माणसाला मोकळे रान मिळालेले नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

आता उपचाराकडे वळू. पैसा देणे आणि औषध देणे या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबणे हीच आमच्या मते खरी चूक आहे. ज्याच्या छातीत कळ आली आहे तो कोण आहे हे ठरविल्यावाचून त्याला तपासता येत नाही, असे वैद्यकशास्त्रात कोठे लिहिले आहे? सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा घटनेच्या कलम २१ चा भंग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या शेतमजूर समितीच्या प्रकरणात दिला. आगगाडीतून पडलेल्या एका मजुराला कलकत्त्याच्या दवाखान्यांनी जागा नाही म्हणून एकामागून एक परत पाठविले होते. त्या काळी आधार नव्हते. जागा नाही ही सबब जर न्यायालयाने मानली नाही, तर कार्ड नाही ही सबब कशी मानावी?

करोनाच्या लसीचे उदाहरण तर ताजे आहे. लस टोचणारे कर्मचारी आधारच मागतात, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ फेब्रुवारी २०२२ रोजी सरकारनेच तेथे सांगितले की आधार सक्तीचे नाही, नऊ ओळखपत्रांपैकी कोणतेही चालते, आणि ज्यांच्याजवळ कसलेच ओळखपत्र नाही अशा सुमारे ८७ लाख लोकांना लस दिलेली आहे. एवढ्या लोकांचे काम क्रमांकावाचून होऊ शकले, तर तालुक्याच्या गावी एका बाईचे बाळंतपण क्रमांकावाचून का अडावे?

आता जी गोष्ट आपल्या घरांशी अधिक निगडित आहे ती सांगतो. आधार कायद्याच्या कलम २ मध्ये प्राधिकरणाने कोणती माहिती घ्यावी याची व्याख्या आहे, आणि तीत वंश, धर्म, जात, जमात, भाषा, मिळकत व आजाराचा इतिहास यांचा समावेश करता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. कायदा करणाऱ्यांनी हे शहाणपणाने केले. परंतु दवाखान्याचा कागद उघडून पाहा. एका रकान्यात जात, दुसऱ्यात धर्म, तिसऱ्यात आजार आणि चौथ्यात तो बारा आकडी क्रमांक! जे प्राधिकरणाच्या दफ्तरात एकत्र येऊ नये म्हणून कायद्याने भिंत घातली, ते दवाखान्याच्या एका पानावर शेजारी शेजारी बसले. त्या पानाची नक्कल कोणाच्या हाती पडेल, हे कोण सांगणार? ज्यांनी जुनी ओळख मोठ्या निश्चयाने मागे टाकली, त्यांच्या जातीसह त्यांच्या क्षयाची वा गर्भपाताची नोंद एका आकड्याने कायमची बांधली जावी, ही लहान बाब नव्हे. एचआयव्ही बाधितांसाठी २०१७ साली झालेल्या कायद्याने रोग्याची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली, ती अशाच भीतीने. जातीचा रकाना योजनेच्या पात्रतेसाठी लागत असेल तर तो त्या योजनेच्या अर्जात असावा. केसपेपरवर त्याचे काय काम, हे आम्हांस अद्याप कळलेले नाही.

आणखी एक घोटाळा. 'आभा' नावाचा चौदा आकडी आरोग्य क्रमांक आधारहून निराळा आहे. त्याची राष्ट्रव्यापी योजना २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाली. तो ऐच्छिक आहे. रांग लवकर सरते म्हणून तो घ्यावयाचा असेल तर अवश्य घ्या, पण तो नसेल तर उपचार मिळणार नाही असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे.

या बाबतीत परदेशातला एक दाखला मार्गदर्शक आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा क्रमांक १९३६ पासून दिला जातो. मजुरीचा हिशेब ठेवण्यासाठी निघालेला तो आकडा हळूहळू दवाखान्यापासून बँकेपर्यंत सर्वत्र मागितला जाऊ लागला. तेव्हा १९७४ च्या खाजगीपणाच्या कायद्याने सरकारी खात्यांवर असे बंधन घातले की, हा क्रमांक मागताना तो सक्तीचा आहे की ऐच्छिक, कोणत्या अधिकाराने मागितला जात आहे आणि त्याचा उपयोग काय होणार, हे नागरिकास सांगितलेच पाहिजे; आणि कायद्याचे बंधन नसेल तेथे क्रमांक दिला नाही म्हणून कोणताही हक्क नाकारता येणार नाही. तरीसुद्धा वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डावर तोच आकडा दशकानुदशके छापला जात राहिला. २०१५ च्या कायद्याने तो काढण्याचे ठरले व एप्रिल २०१८ पासून नवी कार्डे पाठविली गेली. एकदा कागदावर चढलेला क्रमांक उतरवावयास किती काळ लागतो ते यावरून दिसते.

आपल्या कायद्यातही असे काही आहे. आधारची पडताळणी करणाऱ्याने कोणती माहिती घेतली जाईल, तिचा उपयोग काय आणि क्रमांकाऐवजी दुसरे काय देता येईल, हे समोरच्यास सांगावे, असे कलम ८ म्हणते. ही तीन वाक्ये मराठीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक सरकारी आरोग्य अर्जावर रकान्याच्या खालीच छापली जावीत, अशी आमची राज्याच्या आरोग्य खात्याकडे मागणी आहे. त्यास ना मोठा खर्च आहे ना नवा कायदा लागतो.

तोवर आपण काय करावे? योजनेचे पैसे हवे असतील तेथे क्रमांक द्यावा, नावातील फरक आधीच दुरुस्त करून घ्यावा. विशेषतः लग्न होऊन आलेल्या सुनांच्या कार्डांची तपासणी सहाव्या महिन्यातच करावी, नवव्यात नव्हे. झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर कशासाठी दिली ते व तारीख लिहावी. पहिले आठ आकडे झाकलेले आधार प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून मिळते. केवळ ओळख दाखवावयाची तेथे ते द्यावे. आणि उपचाराच्या खिडकीवर कार्डावाचून परत पाठविले, तर वाद न घालता एक साधी विनंती करावी: "आधार नाही म्हणून उपचार नाकारला, एवढे लिहून सही करून द्या." आजवर आमच्या एकाही पक्षकाराला असे लिहून मिळालेले नाही. केसपेपर मात्र मिळाला आहे.